तात्यांचा काढा

मधुमेह झाल्याचं कळलं तेव्हापासून मी बरंच काही गिळलं. गोळ्या, रस, पाले, मुळ्या आणि लोकांचे सल्ले. त्यातली एक गोष्ट आठवली की अजूनही मी चूळ भरून येतो. ज्यांच्या घरी आत्ता फडताळात काळपट काढ्याची बाटली उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. जहाजावरचा स्वयंपाकी आहे. हे वाचून कोणाला शिसारी आली तर येऊ दे. मला आली होती, आणि ती उशिरा आली.

अनफिट

माझं गाव पूर्णगड. घर आता रत्नागिरीत आहे, पण आयुष्याचा मोठा भाग मालवाहू जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, गेला. जहाज धरायच्या आधी दर वेळी मुंबईत वैद्यकीय तपासणी असते. ती मी कधी मनावर घेतली नव्हती. छाती फुगवायची, अक्षरं वाचायची, रक्त द्यायचं, की झालं.

त्या वेळी डॉक्टरने माझा कागद दोनदा वाचला. पोरसवदा होता, बोलायला मऊ.

"काका, शुगर तीनशेच्या वर आहे. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. मला काही होतच नाही."

"तहान लागते? लघवीला सारखं जावं लागतं?"

गॅलीच्या भट्टीपुढे उभं राहणाऱ्याला तहान लागणार नाही तर काय होणार? मी हसलो. तो हसला नाही. त्याने 'तात्पुरते अनफिट' असं लिहिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला, "नियमित घ्या. आटोक्यात आली की परत या, फिट करू." यातलं मला फक्त 'अनफिट' ऐकू आलं. बाहेर बाकावर बसलेल्या एका ओळखीच्या खलाशाने त्यात भर घातली. "गोळी सुरू झाली म्हणजे संपलं, विलास. मग कंपन्या कशाला उभं करतात?"

रत्नागिरीला परत येताना गाडीत समोरच्या बाकावर एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. पुरणपोळी होती, वर तूप. मी मान फिरवली. मला माझ्याच अंगाची किळस आली. रक्तात पाक झालाय, असंच काहीतरी डोक्यात बसलं होतं. हात धुऊन आलो तरी बोटं चिकट वाटत होती.

भेंडीचं पाणी

माझी बायको सुनंदा घरी शिवणकाम करते. ती रडली नाही. साखरेचा डबा उचलून शेजारी देऊन आली आणि मशीनवर बसली. थोड्या वेळाने मशीन थांबलं आणि तिने विचारलं, "अहो, पायाला मुंग्या येतात म्हणाला होतात ना मागे? ते ह्याचंच का?"

"असेल," मी म्हणालो.

मग लोक यायला लागले. आजाऱ्याला बघायला येणारी माणसं मोकळ्या हाताने येत नाहीत, आणि मधुमेहवाल्याकडे फळं नेता येत नाहीत, म्हणून प्रत्येक जण एकेक उपाय घेऊन आला. कारल्याचा रस. जांभळाच्या बियांची पूड. भिजवलेली मेथी. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर रात्रभर भेंडी भिजवलेलं पाणी घेऊन आले. पेला तिरका केला की ते पाणी तारेसारखं लोंबायचं. मास्तर समोर उभे राहायचे आणि मी ते प्यायचो. शेंबूड गिळल्यासारखं वाटायचं. "सवय होते," म्हणायचे ते. मला झाली नाही.

डॉक्टरच्या गोळ्यांची पट्टी तशीच कपाटात पडून होती. गोळी सुरू झाली म्हणजे संपलं, हे कानात घुमत होतं.

प्रमोद

सुनंदाचं माहेर राजापूर तालुक्यातलं नाटे. तिचे वडील, तात्या, मासेमारी करायचे, पण गावात त्यांची ओळख पाल्यामुळ्यांची. सड्यावर, गावावरच्या कातळपठारावर, कुठे काय उगवतं ते त्यांना ठाऊक. सप्तरंगीचं मूळ आणि बेडकीचा पाला साखरेवर चालतो, म्हणून लोक त्यांच्याकडे यायचे. ते कोणाकडून काही घेत नसत, आणि देताना न चुकता सांगत, "डाक्टरची गोळी सोडू नको हां. हे वरून घेयाचं." हे मी स्वतः ऐकलंय.

तात्या गेल्यावर त्यांचा मुलगा प्रमोद होडी विकून ह्या धंद्यात पडला. काढा उकळायचा, गाळायचा, बाटलीत भरायचा. बाटलीवर तात्यांचा फोटो. आमच्या लग्नातला, फेट्यातला.

प्रमोद एका दुपारी पिशवीतून बाटल्या घेऊन आला.

"भावोजी, तुम्ही आपले म्हणून सांगतो. गोळीला हात लावू नका. ती लागली की सुटत नाही. हा काढा घ्या, पुढच्या जहाजाला तुम्ही उभे."

"तात्या गोळी सोडू नको म्हणायचे," सुनंदा म्हणाली.

"तात्यांना कुठे एवढं काढता येत होतं, ताई? ते पाला चघळायला द्यायचे. हा अर्क आहे. सगळं सत्त्व उतरतं यात."

मला जहाज हवं होतं. मी बाटली उघडली.

जिभेला काय झालं

काढा तोंडात धरला की आधी तुरट, मग मातीचा वास, मग कडवटपणा घशात उतरून बसायचा. ते सगळं चाललं असतं. पण बेडकीच्या पाल्याचा एक गुण असा, की तो जिभेवरून गोड पुसून टाकतो. तासभर तरी गोड म्हणून काही लागत नाही. गूळ तोंडात टाकला तर मातीचा खडा. केळं म्हणजे भिजवलेला साबण. चहा तर सोडूनच द्या.

प्रमोदला हे फार आवडायचं. येणाऱ्याला तो आधी घोटभर काढा द्यायचा, मग चमचाभर साखर. साखर वाळूसारखी लागली की माणूस थक्क. "बघा, जिभेवरची मारली, तशी रक्तातली मारणार."

मला स्वयंपाकी म्हणून वेगळंच कळलं. शेजारी पूजा होती, प्रसादाचा शिरा मी करतो म्हणालो. सकाळी काढा घेऊन कढईपुढे उभा राहिलो. चव बघितली, फिका. साखर घातली, फिका. पुन्हा घातली. शेवटी लोकांनी प्रसाद म्हणून एकेक घास गिळला आणि पानं बाजूला सारली. कोणी तोंडावर बोललं नाही. मी घरी येऊन उरलेल्या शिऱ्याकडे कचऱ्याकडे बघावं तसा बघत बसलो. माझी जीभ मला खोटं सांगत होती. यापेक्षा घाण वाटण्यासारखं स्वयंपाक्याला दुसरं काही नसेल.

पण रक्त तपासलं आणि साखर उतरलेली निघाली. नुसती उतरलेली नाही, अगदी माणसात आलेली. सुनंदाने देवापुढे दिवा लावला. प्रमोदने माझ्या रिपोर्टचा फोटो काढून नेला. पुढे कळलं, तो फोटो राजापूरपासून गुहागरपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. 'सख्ख्या भावोजींचा अनुभव.' मी काही बोललो नव्हतो, कोणी विचारलंही नव्हतं.

अधूनमधून दुपारी हात थरथरायचे, घाम फुटायचा. प्रमोद फोनवर म्हणायचा, "विष बाहेर पडतंय, भावोजी. चांगलं लक्षण आहे."

मासळीबाजार

त्या दिवशी बंदरावर बांगडा आलेला. मी पिशवी घेऊन गेलो. सकाळी काढा घेतला होता आणि पथ्य म्हणून अर्धी भाकरी खाल्ली होती. गर्दीत एका मासेवालीशी भाव करत असताना तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटायला लागला. मी काहीतरी बोललो, पण शब्द वेडेवाकडे निघाले. घामाने शर्ट ओला झाला. मासेवाली मागे सरकली.

"सकाळीच घेऊन आलास काय रे मेल्या?"

मागून कोणी हसलं. मला सांगायचं होतं की मी दारू पीत नाही, कधीच पीत नाही. तोंडातून नुसता फेस आणि आवाज आला. मग मी खाली बसलो, आणि मग आडवा झालो. बर्फाचं, रक्ताचं, खवल्यांचं पाणी वाहत होतं त्यात माझा गाल. ते पाणी तोंडात जात होतं आणि मला ते थुंकता येत नव्हतं. पँटमध्ये लघवी झाली. हे मला कळलं, एवढं कळलं. लोक माझ्यावरून टांगा टाकून जात होते.

शेवटी आमच्या आळीतल्या एका रिक्षावाल्याने ओळखलं. "अरे, हा विलास. हा पिणारा नाय." त्याने आणि अजून कोणी मला उचललं. त्याच्या रिक्षाची सीट मी घाण केली. नंतर माफी मागायला गेलो तर म्हणाला, "धुतली की." एवढंच. त्या दिवसातली चांगली म्हणावी अशी तेवढीच गोष्ट.

वॉर्ड

हॉस्पिटलात सलाइनमधून साखर सोडली आणि मी डोळे उघडले. डॉक्टरीण बाई पलंगाशी उभी होती.

"कुठली गोळी घेता?"

"गोळी नाही. काढा घेतो."

"गोळी, काका. साखरेची. नाव आठवतंय?"

"घेतच नाही."

तिला ते पटलं नाही. साखर वर यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा पडायची. दर वेळी नर्स बोट टोचायची. बोटांची चाळण झाली. पहाटे चादरी बदलायला येणाऱ्या मावशी, मग चहा, मग टोचणं, मग राऊंड, मग टोचणं. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचा पाय पट्टीत होता. तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून असायचा. तो कशाने आला, ते मी विचारलं नाही. मला कळत होतं.

दुसऱ्या राऊंडला डॉक्टरीण बाई खुर्ची ओढून बसली. "हे बघा, साखर अशी पुन्हापुन्हा पडते ती एका जातीच्या गोळीने. ती पोटात आहे. तुम्ही घेतली नसेल तर तुम्हाला कोणीतरी दिलीय. ती बाटली आणा."

"पण पाल्यात गुण नसतो का?" सुनंदाने विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे तिचे तात्या असणार.

"असू शकतो. अभ्यास चाललेत त्यावर. पण कोणाला, किती, कशाबरोबर, हे कळेपर्यंत ते औषध नाही, पालाच आहे. आणि पाल्याने माणूस बाजारात असा कोसळत नाही, ताई."

सुनंदा उठली. "मी नाट्याला जाऊन येते," एवढंच म्हणाली.

नाट्याला काय झालं

ती संध्याकाळी परत आली. पलंगाच्या कडेला बसली आणि सगळं एका दमात सांगितलं. मी ते तिने सांगितलं तसं देतो.

प्रमोद मागच्या पडवीत होता. मोठ्या पातेल्यात काढा उकळत होता. बाजूला मिक्सर, आणि मिक्सरच्या भांड्यात पांढरी पूड. खाली गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पडलेल्या. तो लपवायलाही उठला नाही.

"हे काय?" तिने विचारलं.

"ताई, नुसत्या काढ्याने लोकांना लगेच फरक दिसत नाही. दिसला नाही की सोडून देतात. थोडा आधार लागतो."

"कसला आधार?"

"गोळीच आहे गो. डॉक्टर देतात तीच. विष थोडंच आहे?"

"किती घालतोस?"

"अंदाजाने."

सुनंदा म्हणाली, तो शब्द ऐकला आणि मी कट्ट्यावर बसले. तेवढ्यात आई घरातून बाहेर आली, फडताळातली तिची बाटली काढून पेल्यात ओतायला लागली. तिलाही साखर आहे. मी ओरडले, आये, पिऊ नको! तसा प्रमोद घाईघाईने म्हणाला, "अगो, ती वेगळी बाटली आहे. आयेला नुसता काढा देतो मी. तिला काय झालं तर?"

सुनंदाचं सांगून झालं.

मी सलाइनचा स्टँड धरून बेसिनपाशी गेलो आणि ओकलो. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिलो. त्याला माहीत होतं. घामाला तो विष बाहेर पडतंय म्हणायचा तेव्हा त्याला माहीत होतं. तात्यांचा फोटो चिकटवताना माहीत होतं. आईची बाटली वेगळी ठेवण्याइतकं नीट माहीत होतं.

तक्रार

तक्रार करायची हे सुनंदाने ठरवलं. मी म्हणालो, तुझा भाऊ आहे.

"म्हणूनच," ती म्हणाली. "परक्याचा असता तर मी घरी बसून शिव्या घातल्या असत्या."

डॉक्टरीण बाईने चिठ्ठी दिली. औषधवाल्या खात्याची माणसं नाट्याला जाऊन बाटल्या घेऊन गेली. त्यांचं पुढचं अजून चालू आहे. काढा बंद झाला. आम्हाला मात्र लोक फोन करून विचारायला लागले, तुमच्या भांडणापायी आमचं औषध का बंद केलंत? मी एकेकाला सांगायचो, त्यात गोळी होती, डॉक्टरकडे जा. एक जण म्हणाला, "गोळी असेना का, उतरत तर होती!" मी फोन ठेवून दिला. सासूबाईंनी निरोप पाठवला, की मला मुलगी नाही.

मी मुंबईच्या डॉक्टरने लिहिलेल्या गोळ्या सुरू केल्या. वेळेवर जेवतो, चालतो. साखर हळूहळू आली जागेवर, काढ्यासारखी धावत नाही. पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा फिट निघालो. जहाज अजून मिळालेलं नाही. बाकावरचा खलाशी सगळंच खोटं बोलत नव्हता, सगळंच खरंही नाही. बघू.

नुसता काढा

सुनंदाला एक गोष्ट झोपू देईना. आई इतके महिने नुसत्या काढ्यावर आहे. मग तिची साखर किती असेल?

आम्ही भाड्याची गाडी करून, न कळवता नाट्याला गेलो. सासूबाई ओटीवर बसून होत्या. त्यांनी पाणी विचारलं नाही. अंगणात बोंबील वाळत होते, मागे चुलीचा धूर. पण त्या दोन्हींच्या खाली तिसरा वास होता. एकदा जहाजावर शीतगृह बंद पडलं होतं, तेव्हा दार उघडल्यावर तो वास आला होता. मी खाली बघितलं. सासूबाईंच्या डाव्या पावलाला फडकं बांधलेलं, हळदीने पिवळं, कडेने ओलं.

"आये, हे काय लागलंय?" सुनंदाने विचारलं.

"माडाची हीर रुतली. दुखत नाय मला. प्रमोद पाला वाटून बांधतो."

सुनंदाने फडकं सोडलं. मी इथे थांबतो. दोन बोटं काळी होती आणि वाटलेल्या पाल्याखाली काहीतरी हलत होतं, एवढं पुरे.

मी माझं साखर तपासायचं यंत्र काढून त्यांचं बोट टोचलं. त्यांनी हात काढून घेतला नाही, नुसतं तोंड फिरवलं. आकडा इतका मोठा होता की यंत्राने तो दाखवलाच नाही, फक्त 'हाय' असं लिहून आलं.

प्रमोद दारात उभा होता. यंत्राकडे बघत होता, मग पायाकडे. आम्हाला त्याने गोळी चोरून पाजली, आणि जिला खरंच जपायचं होतं तिला गोळीपासून वाचवलं. तो पुढे आला, आईला दोन्ही हातांवर उचललंन आणि गाडीत आणून ठेवलंन. वाटेभर त्याने तिचं पाऊल मांडीवर धरलं होतं. त्या वासाने गाडीवाल्याने काचा खाली केल्या. प्रमोदने नाकाला हात लावला नाही.

दोन बोटं आणि पावलाचा थोडा भाग काढावा लागला. पाय वाचला, असं म्हणतात अशा वेळी.

ऑपरेशननंतर सासूबाईंना वॉर्डात आणलं तेव्हा सुनंदा औषधं आणायला गेली होती. प्रमोद बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता, सकाळपासून तसाच. त्याच्याशी मी एक शब्द बोललो नव्हतो. त्याच्या शेजारून जाताना मला अंग चोरावंसं वाटायचं, चिखलातून जाताना चोरतो तसं.

सासूबाईंनी डोळे उघडले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी वाटच बघत होतो, की आता शिव्या येतील.

"विलासराव," त्या म्हणाल्या, "प्रमोदने काय खाल्लंन काय?"

"हो," मी म्हणालो. "जेवला."

त्यांनी डोळे मिटले. मी बाहेर गेलो आणि त्याच्याकडे न बघता म्हणालो, "तू जेवलास म्हणून तुझ्या आईला सांगितलंय. कँटीन बंद होईल. जा, जेवून ये."